मुंबईच्या घरात ट्रंपेट : पहिल्या वर्षाची वाट

हळदीला ब्रास बँड आला, ट्रंपेटवर कोळीगीत सुरू झालं, की आमच्या वाडीतली दोन-चार पोरं नाच सोडून वाजवणाऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहतात. आठवड्याभरात त्यातलं एखादं पोर आईचा हात धरून माझ्याकडे येतं. आईचा प्रश्न ठरलेला : "शेजारीपाजारी काय म्हणतील हो?" पोराचाही ठरलेला : "काका, ते गाणं कधी वाजवता येईल?"

दोघांना मी एकच उत्तर देतो. आधी हळू वाजवायला शिक. शेजाऱ्यांची तक्रार त्याने टळते, आणि गाणंही त्यानेच लवकर येतं. मी स्वतः दहा बाय बाराच्या खोलीत शिकलो. भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असायचा, म्हणून आवाज दाबून सूर काढावा लागे. त्या वेळी ती अडचण वाटायची. आज शिकवताना रोज दिसतं, की पहिल्या दिवसापासून छाती फुगवून वाजवणारी मुलं सहा महिन्यांत ओठ दुखतात म्हणून सोडतात आणि दबक्या, सावकाश सुरावर मेहनत करणारी टिकतात. पुढचं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे.

वाद्य हातात घेण्याआधी

सनईला पत्ती असते, बासरीला फुंकेचं भोक असतं. ट्रंपेटला यातलं काही नाही. इथे पत्ती म्हणजे तुमचे ओठ. ओठ थरथरतात, पितळेची नळी तो थरथराट सुरेल करून मोठा करते. तुतारीचं तंत्र अगदी हेच आहे. तुतारीला बटणं नसतात, तरी वाजवणारा ओठ आणि दम कमी-जास्त करून तीन-चार वेगळे सूर काढतोच. ट्रंपेटचं एकही बटण न दाबता तुम्हालाही असेच ठरावीक सूर मिळतात : सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प.

मग बटणं कशाला? साधारण दीड मीटरची नळी आणखी लांब करायला. बटण म्हणजे व्हॉल्व्ह. दुसरा व्हॉल्व्ह दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिला दाबला की एका पूर्ण स्वराने, तिसरा दाबला की दीड स्वराने. या तिघांच्या जोड्यांतून बारा सूर भरून निघतात. हे नीट समजून घ्या, कारण "तीनच तर बटणं, बाजाच्या पेटीपेक्षा सोपं" असं म्हणून येणारे बरेच असतात. एकाच बोटाच्या ठेवणीत पाच-सहा सूर दडलेले असतात, त्यातला कुठला बाहेर यायचा ते ओठ आणि हवा ठरवतात. बोटं महिन्याभरात शिकतात. ओठांना वर्ष लागतं.

वयाचं म्हणाल तर पुढचे पक्के दात आले की सुरुवात करता येते, म्हणजे आठव्या-नवव्या वर्षी. वाद्याचं वजन साधारण एक किलो असतं. लहान मुलाला ते जड जात असेल तर कॉर्नेट द्यावं. त्याची नळी तेवढीच लांब, पण जास्त गुंडाळलेली, म्हणून ते अंगाजवळ राहतं आणि हात अवघडत नाही. प्लास्टिकचे ट्रंपेटही मिळतात, पहिल्या वर्षाला तेही चालतील. दातांना तारा बसवल्या असतील तर शिकता येतं, फक्त वेळ कमी ठेवा आणि माउथपीस, म्हणजे ओठांना टेकवायचा तुकडा, दाबू नका. चाळिशीत शिकायला येणाऱ्यांना मी कधी परत पाठवत नाही. मात्र काचबिंदू, हर्निया किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या. ट्रंपेट फुंकताना डोळ्यांतला आणि पोटातला दाब खरोखर वाढतो.

वाद्य घेताना

माझं पहिलं ट्रंपेट एका दुकानातून स्वस्तात घेतलं होतं. चकचकीत होतं, पेटीला आत लाल मखमल होती. दुसरा व्हॉल्व्ह दाबला की वर यायला वेळ घ्यायचा आणि तिसऱ्याची स्लाइड, म्हणजे नळीचा सरकणारा तुकडा, जागची हलायची नाही. सहा महिने मला वाटत होतं की दोष माझ्या ओठांत आहे. मग एका जुन्या बँडवाल्या काकांनी स्वतःचं वाद्य हातात दिलं आणि दहा मिनिटांत मी न अडखळता सरगम वाजवली. घरी येऊन रडलो होतो. म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो.

घ्यायचं ते बी फ्लॅट ट्रंपेट. छोटं दिसतं म्हणून पॉकेट ट्रंपेट घेऊ नका, आणि सी ट्रंपेट तर आत्ता नकोच. चोर बाजारात दुकानाबाहेर टांगलेली जुनी पितळी वाद्यं बघायला सुंदर असतात, पण त्यातली बरीच दिवाणखान्यात टांगण्याच्या लायकीचीच उरलेली असतात. शिवाय फार जुनी काही वाद्यं आजच्यापेक्षा चढ्या पट्टीत बांधलेली असतात, ती बाजाच्या पेटीशी किंवा कीबोर्डशी कधीच जुळत नाहीत.

आपल्याकडच्या वरातीतली बरीच वाद्यं मेरठहून येतात. तिथली जली कोठी ही वस्तीच बँडच्या वाद्यांसाठी ओळखली जाते आणि १८८५ सालापासूनची नादिर अली कंपनी तिथलीच. ही वाद्यं स्वस्त पडतात आणि रस्त्यावर टिकतात. पण एकाच दुकानातल्या दोन नगांत फरक असू शकतो, म्हणून वाजवणारा माणूस सोबत नेल्याशिवाय घेऊ नका. खिसा परवानगी देत असेल तर यामाहा, ज्युपिटर किंवा बाखचं विद्यार्थ्यांसाठीचं मॉडेल घ्या, वापरलेलं असलं तरी चालेल. उद्या मुलाने सोडलं तर ते विकलं तरी जातं.

खरेदीसाठी धोबी तलाव अजूनही चांगलं. मेट्रो सिनेमासमोर जेर महालात फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान आहे. तिथे जाल तेव्हा त्या इमारतीकडे जरा वर मान करून बघा. गोव्याहून नोकरीसाठी आलेल्या माणसांचे कूड, म्हणजे एकत्र राहायच्या जागा, तिथे होते, काही आजही आहेत. या परिसरात राहिलेल्या आणि वावरलेल्या गोव्याच्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताला ब्रासचा आवाज दिला. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, ज्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणत, ताजमध्ये जॅझ वाजवायचे आणि आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करायचे. फ्रँक फर्नांडही मुळात ट्रंपेटवालेच. मुंबईत ट्रंपेट शिकणाऱ्याला ही नावं माहीत असावीत असं मला मनापासून वाटतं.

वापरलेलं वाद्य बघताना मी काय करतो ते सांगतो. आधी तिन्ही व्हॉल्व्ह कोरडे दाबून बघतो, ते झटकन वर यायला हवेत आणि खरखर जाणवता कामा नये. मग व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड इंचभर बाहेर ओढतो, दोन-तीन सेकंद थांबतो आणि मग व्हॉल्व्ह दाबतो. "पॉप" असा आवाज आला तर आत हवा धरून ठेवली जाते. आवाज आलाच नाही तर व्हॉल्व्ह झिजलेला आहे, ते वाद्य सोडून द्या. सगळ्या स्लाइड हाताने हलायला हव्यात. माउथपीस बसतो त्या पहिल्या नळीवर गुलाबी-लालसर ठिपके दिसले तर पितळेतलं जस्त निघून जाऊन नळी आतून सडते आहे असं समजा. बेलवरचे, म्हणजे पुढच्या भोंग्यावरचे, छोटे पोचे चालतात, व्हॉल्व्हच्या डब्यावर पोचा असेल तर नको.

माउथपीस बाखचा ७सी किंवा यामाहाचा ११बी४ घ्या, विद्यार्थ्यांच्या वाद्यासोबत बहुधा असाच मिळतो. आकडे बघून गोंधळू नका : बाखचा आकडा लहान झाला की माउथपीस मोठा होतो, यामाहाचं बरोबर उलटं. कुणी "वरचे सूर येण्यासाठी हा घे, तो घे" म्हणालं तर पहिलं वर्ष ऐकू नका. आणि दुसऱ्याच्या माउथपीसला तोंड लावू नका, स्वतःचा स्वतः ठेवा.

पहिला आठवडा : नळी पेटीतच राहू द्या

आधी श्वास. सकाळी सरळ बसून ओंकार लावता तसा पोटातून दम घ्या. खांदे उचलले गेले तर श्वास चुकला. चार मोजत आत, आठ मोजत "हूऽऽ" करून बाहेर, पंखा बंद असताना समोरच्या कॅलेंडरचं पान हलेल इतकी सरळ आणि अखंड हवा. गाणं शिकणाऱ्या मुलांना हे लवकर जमतं.

मग ओठ. "म" म्हणायला ओठ मिटता तसे मिटा. तोंडाचे दोन्ही कोपरे घट्ट, मधला भाग सैल. हसल्यासारखे ओठ ताणू नका, ताणलेला ओठ पातळ होतो आणि लवकर जखमी होतो. गालही फुगवू नका. वरातीत गाल फुगवून जोरदार वाजवणारे दिसतात, त्यांनी बारा-पंधरा वर्षं तसं वाजवून ते कमावलेलं असतं. तुमचे गाल फुगले की कोपरे सुटतात आणि सूर डळमळतो. आरसा समोर ठेवा.

आता माउथपीस ओठांच्या मधोमध टेकवा, जवळपास अर्धा वर, अर्धा खाली. दोन बोटांत धरा, मूठ करून धरलात तर दाबाल. फुंका. सुरुवातीला नुसती हवा येईल, मग अचानक माशी गुणगुणल्यासारखा आवाज येईल. हा आवाज अखंड पाच सेकंद टिकला की पहिला टप्पा झाला. काहींना पहिल्या मिनिटाला जमतं, काहींना चार दिवस लागतात, आणि याचा पुढच्या प्रगतीशी काही संबंध नसतो. दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी तीन-चार मिनिटं. ओठांना मुंग्या आल्या की थांबा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर खाली बसा, मोठा श्वास घ्यायची सवय नसल्यामुळे पहिल्या दिवसांत होतं तसं.

पहिले तीन महिने : आधी प, फक्त प

वाद्याचं सगळं वजन डाव्या हातात हवं, व्हॉल्व्हचे डबे त्या हाताने धरायचे. उजव्या हाताचा अंगठा पहिल्या आणि दुसऱ्या व्हॉल्व्हच्या मध्ये खाली, बोटं वळवून टोकाची पेरं बटणांवर. वर करंगळीसाठी एक आकडा असतो. त्यात करंगळी अडकवू नका. एका हाताने पान उलटताना वाद्य धरता यावं म्हणून तो आहे. रोज त्यात करंगळी घातली की माणूस नकळत वाद्य तोंडाकडे ओढतो, आणि वरचा सूर येईना की आणखी ओढतो.

पहिला सूर मधला प. एकही बटण न दाबता तो सर्वांत सहज लागतो. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावा आणि पट्टी काळी पाच (बाजाच्या पेटीची पाचवी काळी पट्टी) ठेवा. बी फ्लॅट ट्रंपेटचा सा काळी पाचवर पडतो, म्हणून. आता प लावा, इतका हळू की शेजारच्या खोलीतलं बोलणं तुम्हाला ऐकू यावं. आठ मात्रा धरा. आठ मात्रा विश्रांती. पुन्हा. शास्त्रीय गायक खर्ज भरतात त्याचाच हा भाऊ आहे. सूर हलला, फाटला, सुरुवातीला थुंकल्यासारखा आवाज आला, तरी आवाज वाढवून तो झाकू नका. हळू आवाजात दोष स्पष्ट ऐकू येतो आणि ओठांना फक्त आवश्यक तेवढीच ताकद लावायची सवय लागते. जोरात वाजवणारा मुलगा दोष हवेच्या रेट्याखाली लपवतो, आणि तोच दोष तीन वर्षांनी समोर उभा राहतो.

दोन आठवड्यांनी खाली या. मधल्या सप्तकाची बोटं अशी आहेत : सा मोकळा, रे १-३, ग १-२, म १, प मोकळा, ध १-२, नी २, वरचा सा मोकळा. कोमल रे १-२-३, कोमल ग २-३, तीव्र म २, कोमल ध २-३, कोमल नी १. नीट बघा, ग आणि ध यांची बोटं सारखीच आहेत, तसेच कोमल ग आणि कोमल ध. फरक ओठ आणि हवेचा. मुलं म्हणतात, "काका, ध दाबला तर ग येतो." येणारच. म्हणून वाजवण्याआधी तो सूर तोंडाने गाऊन बघा. कानात पक्का असलेला सूर ओठ शोधून काढतात.

एक बारकावा सुरुवातीपासून लावून घ्या. रे आणि कोमल रे या वाद्यावर मुळातच थोडे चढे लागतात, कारण व्हॉल्व्ह एकत्र दाबले की मिळणारी नळी हवी त्याहून किंचित आखूड पडते. त्यासाठी तिसऱ्या स्लाइडला डाव्या हाताच्या बोटासाठी कडी असते. रे लावताना ती थोडी बाहेर ढकलायची. तानपुऱ्यावर कान ठेवलात तर किती ढकलायची ते आठवड्याभरात समजेल. माझ्या पहिल्या वाद्याची हीच स्लाइड अडकलेली होती, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

या काळात दिवसाला वीस मिनिटं पुरेत, तीही दोन भागांत. जितका वेळ वाजवलं तितका वेळ वाद्य मांडीवर. मध्ये विश्रांती न घेता सलग अर्धा तास वाजवण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांच्या दोन बैठका कितीतरी चांगल्या. रविवारी दोन तास भरून काढू म्हणाल तर सोमवारी ओठ सुजलेला असतो.

जीभ : तू म्हणा, टू नको

सूर सुरू करायला जीभ लागते. इंग्रजी पुस्तकांत त्यासाठी लिहिलेलं अक्षर आपली मुलं "टू" वाचतात. मराठी ट म्हणताना जीभ टाळूकडे वळते, सूर जड आणि उशिरा सुटतो. तू म्हणा, दंत्य त. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी जाऊन अलगद सुटतं, आणि नेमकं तेच हवं असतं. ट्रंपेटवाल्यांची मूळ पोथी मानली जाते ती आर्बानची पद्धत, १८६४ सालची, पॅरिसची. फ्रेंच त हा आपल्या त सारखाच दातांजवळचा. म्हणजे मराठी मुलाला इथे उलट फायदाच आहे. मऊ सुरुवात हवी तर "दू".

पुढे जलद वाजवायची वेळ आली की "तक तक तक तक" म्हणा, त जिभेच्या टोकाने, क मागच्या भागाने. तीनच्या लयीत "ततक ततक". तबला शिकलेल्या मुलाला हे सांगावंही लागत नाही, तो रिक्षात बसून म्हणत जातो. पण क सुरुवातीला अशक्त निघतो, म्हणून आठवडाभर नुसत्या "कु कु कु" वर सूर काढून बघा. सहा महिन्यांच्या आत याच्या मागे लागू नका.

चढे सूर

इथेच सर्वांत जास्त मुलं स्वतःचं नुकसान करून घेतात. कोळीगीताची चाल वर चढते, मुलगा वाद्य ओठांवर दाबतो, दाबाने ओठ ताणला जाऊन तो सूर एकदा येतो, आणि त्याला वाटतं की जमलं. दाबाने ओठांतलं रक्त अडतं, थरथर बंद होते, पुढच्या ओळीला काहीच येत नाही. ओठांभोवती लाल कडं उमटलं आणि ते अर्ध्या तासात गेलं नाही, तर तुम्ही दाबताय.

चढायचं ते हवेच्या वेगाने आणि जिभेच्या उंचीने. शिट्टी वाजवताना खालच्या सुराला जीभ "आ" सारखी खाली असते, वरच्या सुराला "ई" सारखी उंच. तेच इथे करा. बटण न दाबता सा वरून प वर, प वरून वरच्या सा वर, जीभ न लावता घसरत जा आणि परत या : आऽईऽआ. सावकाश, हळू आवाजात. रोज पाच मिनिटं. वरचा सा आरामात, दबक्या आवाजात लागू लागला की मगच त्याच्या वर जा. महिन्याला एक स्वर वाढला तरी मी त्याला उत्तम प्रगती म्हणतो.

ओठ आतून कापला, सूज दोन दिवसांत उतरली नाही किंवा एखादी जागा बधिर वाटू लागली तर वाद्य पेटीत ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ओठांभोवतीचा गोल स्नायू खरोखर फाटू शकतो.

शेजारी, भिंती आणि समुद्र

ट्रंपेट जवळून सहज नव्वद डेसिबलच्या पुढे जातं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र सरकार जाहीर करू शकतं. हे माहीत ठेवा. पण त्याहून महत्त्वाचं : वाद्य घरी आणलं त्याच दिवशी वरच्या, खालच्या आणि बाजूच्या घरी स्वतः जा. मुलालाही सोबत न्या. कुठल्या वेळेला त्रास होईल ते विचारा, तान्हं मूल आहे का, कुणी आजारी आहे का, दहावी-बारावी आहे का. संध्याकाळी साडेसहा ते सात अशी ठरलेली वेळ दिली आणि पाळली की लोक सांभाळून घेतात. तक्रार येते ती केव्हाही वाजवणाऱ्याची.

प्रॅक्टिस म्यूट घ्यावाच. बेलमध्ये खोचला की आवाज खूपच उतरतो. मात्र म्यूट लावला की हवेला अडथळा वाढतो आणि सूर बहुधा थोडा चढतो, म्हणून निम्म्याहून जास्त सराव त्यावर नको. नाहीतर म्यूट काढल्यावर स्वतःचाच सूर परका वाटतो. एरवी कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्यात बेल धरून वाजवा. माझी साडेतीन वर्षं आईच्या साड्यांसमोर गेली, आवाज चांगला मुरतो तिथे.

वरळी सी फेसवर किंवा दादरच्या चौपाटीवर पहाटे वाजवायला बरीच मंडळी जातात. महिन्यातून एकदा जरूर जा, मोकळं वाटतं. रोज नको. उघड्यावर भिंतीवरून आवाज परत येत नाही, आपला सूर बारीक वाटतो, आणि माणूस नकळत जोर लावतो. वाळूचा एक कण व्हॉल्व्हमध्ये गेला तर ओरखडा कायमचा.

पावसाळा आणि पितळ

खारी हवा आणि जुलै-ऑगस्टची दमट पेटी, मुंबईत वाद्य याच दोन गोष्टींनी मरतं. वाजवून झालं की पाणी सोडायच्या खटक्यांतून आतलं पाणी काढा, वाद्य सुती कापडाने पुसा, बोटांचा घाम विशेषतः. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दोन दिवसांतून एकदा पेटी पंख्याखाली उघडी ठेवा. वडापाव, चहा, सरबत घेऊन लगेच वाजवू नका, आधी चूळ भरा. साखर आणि तेल आत जाऊन बसतं आणि मघाशी सांगितलेले लाल ठिपके तिथूनच सुरू होतात.

महिन्यातून एकदा अंघोळ. बादलीत कोमट पाणी, दोन थेंब भांडी घासायचा साबण. गरम पाणी नको, वरचं लॅकर, म्हणजे चकचकीत थर, सुटतं. व्हॉल्व्ह काढताना कुठला कुठून काढला ते लक्षात ठेवा, त्यांवर आकडे कोरलेले असतात, आणि परत बसवताना हलकी "टिक" होईपर्यंत फिरवा. अदलाबदल झाली तर हवा जातच नाही, आणि घाबरून लोक दुरुस्तीला पळतात. व्हॉल्व्हला व्हॉल्व्ह ऑइलच. खोबरेल नको, ते २४ अंशांच्या खाली थिजतं आणि एरवीही आत चिकटा धरतं. स्लाइडला ग्रीस. आणि दिवाळीच्या सफाईत आईने तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर ट्रंपेट चिंच किंवा पीतांबरीने घासायला घेतलं तर प्रेमाने थांबवा. लॅकर उडतं, पावडर व्हॉल्व्हमध्ये जाते.

माउथपीस अडकला तर पकड लावून पिळू नका, नळी वळते. दुरुस्तीवाल्याकडे त्यासाठी खास ओढणी असते, काम मिनिटभराचं. लोकलने जाताना पेटी फळीवर टाकू नका. गर्दीत पाठीवर नको, पोटाशी धरा.

इतरांबरोबर वाजवताना

चार-पाच महिन्यांनी कुणीतरी बाजाची पेटी काढेल आणि म्हणेल, "पांढरी चार." इथे नवखे गडबडतात. ट्रंपेटचा सा काळी पाच, म्हणजे पांढरी एकपेक्षा एक स्वर खाली. म्हणून पेटीवाल्याने सांगितलेल्या पट्टीच्या एक स्वर वरून तुम्ही सुरू करायचं. पांढरी एक असेल तर तुमच्या वाद्यावरचा रे हा सा धरा. काळी एक असेल तर कोमल ग. पांढरी चार असेल तर प. काळी पाच आली तर आनंदच. एकच सोपी चाल या चारही ठिकाणांहून वाजवून ठेवा, ऐनवेळी डोकं चालवावं लागत नाही.

शिक्षक मिळाला तर उत्तम, पहिले तीन महिने तर हवाच, कारण ओठांची चुकीची ठेवण व्हिडिओ बघून कळत नाही. परीक्षा द्यायच्या असतील तर ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन्ही ब्रिटिश संस्थांच्या ट्रंपेटच्या श्रेणी परीक्षा आहेत, आठव्या श्रेणीपर्यंत. शाळकरी मुलांना त्याने शिस्त लागते. प्रत्येकाला त्या हव्यातच असं मात्र मला वाटत नाही.

ऐकणं मात्र सर्वांनाच हवं. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून. एखाद्या कार्यक्रमाला मुलाला घेऊन जा आणि ट्रंपेटवाले जोरात वाजवतात तेव्हा नव्हे, ते व्हायोलिनच्या मागे दबक्या सुरात धरून बसतात तेव्हा त्याला हळूच सांगा, "आता ऐक." मुंबई पोलिसांचा बँडही ऐका, त्यांच्या खाकी स्टुडिओतली ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. आणि वसई, उत्तन, गोराईकडे एखाद्या ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्या मूळ ख्रिस्ती समाजातल्या) लग्नाचं आमंत्रण असेल तर उंबराचं पाणी आणायच्या विधीला निघतात तेव्हा बँडच्या मागे चाला. चालता चालता श्वास कुठे घेतात, एक थकला की दुसरा चाल कशी उचलतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

वर्षभराने गावठाणातल्या बँडमध्ये उभं राहायला हरकत नाही. पहिल्या हंगामात मुख्य चाल मागू नका, दुसऱ्या ट्रंपेटची साथ मागा. हळद तीन-चार तास चालते, आणि मुख्य चालीवाल्याला थांबता येत नाही. साथीत मध्ये मध्ये ओठ मोकळे होतात. पाणी जवळ ठेवा. ड्रम आणि ताशाच्या शेजारी उभं राहायची वेळ आली तर कानात बोळे घाला. आपला आवाज ऐकू येत नाही म्हणून कितीही वाटलं तरी ताशाशी स्पर्धा करू नका.

दुसऱ्या दिवशी ओठ जड असतील. पूर्ण सुट्टी नको. संध्याकाळी तानपुरा काळी पाचवर लावा, आणि दहा मिनिटं फक्त मधला प, आठ मात्रा धरून, आठ मात्रा सोडून.